बाळंतपणासाठी माहेरी येताना झिकाचाही विचार हवा

झिका हा परदेशवारी करणाऱ्यांचा आजार, अशी अनेकांची समजूत आहे. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात तर ‘आपला त्याच्याशी काय संबंध?’ असाच प्रश्न येईल. पण यवतमाळ जिल्ह्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला जाणारे कमी नाहीत. लग्नानंतर तिकडे स्थायिक झालेल्या लेकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येतात, सणावाराला जावई येतात. २०२४ मध्ये झिका पसरला तो याच पुण्यात.

राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर (ता. पुरंदर) येथे आढळला. त्याच महिन्यात केरळमध्ये सापडलेली पहिली रुग्ण गर्भवती होती. जून २०२४ मध्ये पुण्याच्या एरंडवणे भागात रुग्ण आढळले आणि वर्षभरात राज्यातील संख्या शंभराच्या पुढे गेली. त्यात गर्भवतींचे प्रमाण लक्षणीय होते. याचा अर्थ झिका गर्भवतींनाच गाठतो असा नाही. बाधित भागात त्यांच्या चाचण्या मुद्दाम केल्या गेल्या, म्हणून त्या आकडेवारीत अधिक दिसल्या. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही राज्यांना गर्भवतींच्या तपासणीवर आणि बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याची सूचना दिली होती.

गर्भवतींची एवढी काळजी का, याचे उत्तर ब्राझीलने २०१५-१६ मध्ये दिले. तेथे डोके लहान आणि मेंदूची वाढ खुंटलेली बाळे मोठ्या संख्येने जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गरोदरपणात झिका झालेल्या मातांच्या ५ ते १५ टक्के बाळांमध्ये त्याचे दुष्परिणाम दिसतात. म्हणजे बहुतेक बाळे सुखरूप असतात. पण कोणते बाळ सुटेल हे आधी सांगता येत नाही. गर्भपात आणि अकाली प्रसूतीचा धोकाही असतो. यावर लस नाही, खास औषधही नाही.

अडचण अशी की बहुतेक बाधितांना काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांना बारीक ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल होणे, सांधेदुखी एवढेच जाणवते. ‘व्हायरल असेल’ म्हणून ते विसरले जाते. विषाणू वाहणारा एडिस डास स्वतः फार तर काही शे मीटर उडतो. एका शहरातून दुसऱ्या गावात विषाणू पोहोचतो तो माणसाच्या रक्तातून. गावातल्या एडिसने त्या माणसाला चावून पुढे दुसऱ्याला चावले, की साखळी सुरू होऊ शकते.

झिका शारीरिक संबंधातूनही पसरतो आणि वीर्यात तो रक्तापेक्षा जास्त काळ टिकतो. त्यामुळे बाधित भागातून आलेल्या पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने गर्भधारणा लांबवावी, असा सल्ला दिला जातो. पत्नी आधीच गर्भवती असेल, तर पूर्ण गरोदरपणात निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. बायको गावी आणि नवरा शहरात असलेल्या कुटुंबांत हे कोणी सांगतच नाही. सल्ला फक्त सुनेला किंवा लेकीला मिळतो.

हाच डास डेंग्यू आणि चिकुनगुन्याही पसरवतो. गरोदरपणातील डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर प्रसूतीच्या सुमारास आईला चिकुनगुन्या असेल तर तो बाळाला होऊ शकतो. म्हणून झिकाची साथ नसतानाही डासांपासूनचे रक्षण वाया जात नाही.

साथ सुरू असलेल्या ठिकाणी गर्भवतीने जाणे टाळता येत असेल तर टाळावे. जावेच लागले तर अंगभर कपडे घालावेत आणि दिवसा झोपतानाही मच्छरदाणी लावावी, कारण एडिस दिवसा चावतो. डीईईटी असलेले डासरोधक मलम पाकिटावरील सूचनेप्रमाणे गर्भवतींनाही चालते. परतल्यावर तीन आठवडे डास चावू न देणे हे गावाच्या रक्षणासाठी आहे. ताप आल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे; डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नये.

चाचणीसाठी वेळ महत्त्वाची. रक्तातला विषाणू साधारण पहिल्या आठवड्यातच सापडतो, लघवीत आणखी काही दिवस. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दर महिन्याच्या ९ तारखेच्या मातृत्व तपासणीत वजन, रक्तदाबासोबत ‘गेल्या काही आठवड्यांत तुम्ही किंवा तुमचे यजमान कुठे जाऊन आलात?’ हेही विचारले गेले पाहिजे. कोणी विचारले नाही, तर गर्भवतीने आपणहून सांगावे. अहवाल बाधित आला तरी घाबरून निर्णय घेऊ नये. ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहता येते.

उन्हाळ्यात पाणी साठवणे अनेक गावांना चुकत नाही. मात्र रांजण, ड्रम झाकून ठेवणे, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करणे आणि कूलरमधले पाणी बदलणे एवढे प्रत्येक घराला जमते. लेक माहेरी येण्याच्या आठवड्यात तर ते राहूच नये.