कूलंट गेले कुठे?

परीक्षा आटोपल्या की गाड्या गावाकडे निघतात आणि त्याआधीचे काही दिवस प्रत्येक गॅरेजात एकच फर्माईश ऐकू येते, “कूलंट तेवढं बघून घ्या.” बॉनेट उघडते, टाकीतली पातळी खाली दिसते, बाटली उपडी होते आणि बिलात एक ओळ वाढते. गिऱ्हाईक खूश, आपणही मोकळे. पण हे काम अर्धेच झालेले असते.

इंजिन ऑइल थोडेफार जळते, हे आपण धरूनच चालतो. कूलंटचे तसे नाही. ते बंदिस्त यंत्रणेत फिरते. तापले की फुगून टाकीत येते, निवले की परत जाते. दर महिन्या-दोन महिन्यांनी अर्धा लिटर मागणारी गाडी म्हणजे चालत आलेली तक्रार. ती नोंदवून न घेता आपण गाडी घाटात पाठवतो.

शोध घ्यायला फार वेळ लागत नाही. होजच्या क्लिपखाली वाळलेली पांढरट किंवा रंगीत खपली, वॉटर पंपाच्या गळती-छिद्राखालचा ओघळ, केबिनमधला गोडसर वास, पायाखालचे ओले मॅटिंग. बाहेर काहीच सापडले नाही, तर इंजिन थंड असताना चालू करून वरचा होज हाताने दाबून पाहा. पाणी तापायच्या आतच तो टणक झाला आणि टाकीत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा. प्रेशर टेस्टर असेल तर यंत्रणेबरोबर झाकणही तपासा. साधे पाणी 100 अंशांना उकळते. झाकणाने एक बार दाब धरला तर सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की एवढी सगळी राखीव जागा गेली.

“आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? पाणीच टाका,” असे गिऱ्हाईक म्हणते आणि आपल्यातलेही काही जण मान डोलावतात. बर्फाचा प्रश्न नाहीच. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे हेड, रेडिएटर आणि पंप सांभाळतात. बोअरच्या पाण्यातला क्षार गरम भिंतींवर थर धरतो, क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडतात. साधा हिशेब करू. सहा लिटरच्या यंत्रणेत निम्मे कूलंट आहे. चार वेळा अर्धा-अर्धा लिटर गळाले आणि तेवढेच पाणी घातले, तर पन्नास टक्क्यांचे मिश्रण पस्तीस टक्क्यांवर येते. गंजरोधकही त्याच प्रमाणात पातळ होतात. उलट कॉन्सन्ट्रेट नुसतेच ओतणेही चूक, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मिश्रण डिस्टिल्ड पाण्यातच करावे, किंवा तयार कूलंट घ्यावे.

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे उत्पादकाने घातलेले रंग आहेत. त्यांचे सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या सिलिकेट पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट मिसळले, तर नव्याचे आयुष्य घटते. मॅन्युअलमधले स्पेसिफिकेशन वाचा. आधी काय भरले आहे हे कळत नसेल, तर सगळे काढून, फ्लश करून, नवे भरा आणि हवा नीट काढा.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. अशा गाडीचे इंजिन वेळेवर तापत नाही, कंट्रोल युनिट मिश्रण श्रीमंत ठेवते, पेट्रोल जास्त जाते. काही इंजिनांत तर बायपास बंद न झाल्याने पाणी रेडिएटरला वळसा घालते आणि गाडी आणखीच तापते. मूळ दोष तसाच राहतो, फक्त लपतो.

आणि एक. काढलेले कूलंट गटारात सोडू नका. इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. झाकण लावलेल्या कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत कचरा उचलणाऱ्याकडे द्या.

या हंगामापासून जॉब कार्डावर तीन गोष्टी लिहायची सवय लावू: थंड इंजिनावर पातळी किती होती, कोणते कूलंट किती भरले, आणि कमी का झाले होते. तिसरा रकाना कोरा राहिला, तर गाडी तयार झाली असे गिऱ्हाइकाला सांगू नका.