राखणदार ओलीत, बाज उकिरड्यावर



थंडीत रात्रीची लाईट आली की गव्हाला पाणी द्यायला निघतो, तेव्हा पुढं कोण चालतं? कुत्रं. मक्यात डुकरं शिरली की पहिलं कोण भुंकतं? कुत्रं. आणि बारं देऊन आपण गोधडीत शिरलो की ते कुठं झोपतं? ओल्या मातीत, नायतर चुलीपुढच्या राखेत.

आता त्याच वस्तीच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. पाय मोडलेली बाज भिंतीला टेकवलेली असती. भिंतीवरचा सपाट टीव्ही आल्यापासून जुन्या डब्याचं टेबल अडगळीत पडलेलं असतं. वाळवी खाती, उंदरं वितात, आणि शेवटी भंगारवाल्याला नायतर चुलीत. त्या लाकडातून कुत्र्याची बाज करा म्हटलं की लोक हसतात. "कुत्र्याला कशाला पलंग? उद्या उशी मागंल."

हसणाऱ्यांना एकच विचारतो. म्हशीखाली रबरी मॅट टाकायची निघाली तेव्हाही "म्हशीला गादी?" म्हणून हसलाच होता ना? आज चांगल्या गोठ्यात मॅट आहे, आणि तिथं कुणी लाड म्हणत नाही, गुडघे सोलत नाहीत म्हणतात. शेळीला माचाण करतो, कारण ओल आणि लेंडी-मूत अंगाखाली राहत नाही. मग तोच हिशेब कुत्र्याला का लागू होत नाही? दूध देत नाही म्हणून? राखण हे काम नाही का?

"जनावर आहे, त्याला थंडी वाजत नाही" हे दुसरं पालुपद. आपलं गावठी कुत्रं आखूड केसाचं, अंगावर चरबी नाही. नाक शेपटीत खुपसून मुटकुळं करून झोपतं ते ऊब धरायलाच. त्याची कोपरं बघा. केस जाऊन काळं, जाड कातडं झालेलं दिसंल. पुष्कळ जण त्याला खरूज समजून तेल चोपडतात. बऱ्याच वेळा ते कठीण जमिनीवर पडून पडलेले घट्टे असतात.

आणि हा काही माझ्या मनाचा कायदा नाही. १९६० च्या प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात, कलम ११ मध्ये, पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा धरलाय. कुत्रं कायम साखळीला ठेवणं हाही. दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये! दंड चहाच्या बिलाएवढा आहे म्हणून जबाबदारी तेवढीच होत नाही.

आता काम. जुनी लाकडी बाज सगळ्यात चांगली. पाय कापून जमिनीपासून एक वीत उंची ठेवा. म्हातारं कुत्रं असंल तर अजून कमी. आपल्या गावठी कुत्र्याला तीन फूट बाय दोन फूट पुरतं. लांबीच्या पट्ट्या कापून पुन्हा पायात बसवायला सुतार बोलवा, ढिली बसली तर कुत्रं परत चढणार नाही. विणायला नवार घ्या. खालून वारा खेळतो, ओल चढत नाही, आणि नवार सोडून गरम पाण्यात धुता येते.

धुण्याला महत्त्व यासाठी, की गोचीड रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरती आणि भिंतीच्या, लाकडाच्या फटीत हजारोंनी अंडी घालती. फटी तशाच ठेवल्या तर तुम्ही कुत्र्याची बाज नाही, गोचिडाची नर्सरी केली. सांधे बुजवा. आठवड्याला बाज उन्हात उभी करा, सांध्यात उकळतं पाणी ओता. वर जुन्या लुगड्याची गोधडी टाका, तीही धुवायची.

चार गोष्टी करू नका:

१) वाळवीसाठी जळकं ऑईल फासू नका. कुत्रं अंग चाटतं, ते पोटात जातं.

२) जुन्या ऑईलपेंटचं लाकूड घेऊ नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पिल्लं लाकूड चावतात. खरवडतही बसू नका, ती धूळ घरातल्या पोरांच्या पोटात जाईल.

३) पिकावरचं कीटकनाशक बाजेवर किंवा कुत्र्यावर मारू नका. गोचिडाचं औषध जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच.

४) टीव्हीचं टेबल प्लायवूडचं असंल तर ते पडवीतच वापरा, पावसात फुगतं. चुलीत तर घालूच नका, त्यातल्या डिंकाचा धूर वाईट.

बाज कुठं ठेवायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. बिबट्याच्या पट्ट्यात तर जास्तच. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्याच्या खाण्यात वजनानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. उसाच्या कडेला साखळीनं बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते बिबट्याचं आमिष असतं. म्हणून बाज जाळीच्या आत, पडवीत, दार लावून. आतून भुंकलेलंही आपल्याला ऐकू येतं.

आणि शहरातून स्पंजची गादी मागवू नका. पहिल्या पावसात ती पाणी पिऊन बसंल, नायतर कुत्रं चार दिवसांत फाडंल. आपल्या आज्यानं ज्या बाजेवर अंगणात उन्हाळे काढले, ती आपल्या हवेसाठीच घडलेली वस्तू आहे. तिचे पाय तेवढे कापायचेत.

गोठ्याचा खर्च आपण हिशेबाच्या वहीत मांडतो. राखणदाराच्या जागेला तर खर्चही नाही, करवत आणि एक दुपार लागती. तेवढंही ज्याला जमत नाही, त्यानं डुकरांनी मका लोळवला म्हणून कुत्र्याला शिव्या देऊ नयेत.