घरच्या माणसाची लेखणी

प्रत्येक ध्येयवादी चळवळीच्या वाटचालीत असा एक क्षण येतो की, तिच्याविषयीचे अप्रिय सत्य तिच्याच एखाद्या माणसाच्या हाती लागते. तेच सत्य बाहेरच्या टीकाकाराने सांगितले असते तर ‘हा द्वेषापोटी बोलतो’ असे म्हणून बाजूला सारता आले असते. घरच्या माणसाने ते पोटात ठेवले तर काही काळ निभावूनही जाते. पण त्याने ते चारचौघांत मांडायचे ठरवले, तर त्याला निष्ठावंत म्हणायचे की घरभेदी? अमेरिकेतील पत्रकार केल्सी पायपर यांच्यापुढे नोव्हेंबर २०२२मध्ये हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी जे केले ते सार्वजनिक कार्यात पडलेल्या प्रत्येकाने विचारात घ्यावे असे आहे.

पायपर ज्या विचारप्रवाहातून आल्या, त्याला पाश्चात्त्य जगात ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’ म्हणजे परिणामकारक परोपकार असे नाव आहे. त्याच्या उगमाशी गेले की वाट थेट भारताच्या सीमेवर येऊन पोहोचते. १९७१ साली पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांमुळे पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या हालअपेष्टांच्या वार्ता वाचून पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध लिहिला. तो १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांसमोर एखादे मूल उथळ तळ्यात बुडत असेल, तर कपडे खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही. मग ते मूल हजारो मैल दूर आहे, एवढ्याच कारणाने कर्तव्य कसे संपते? सिंगर यांच्या या प्रश्नाने पुढच्या पिढीतील अनेक तरुणांना अस्वस्थ केले.

त्या अस्वस्थतेला संघटित रूप यायला पस्तीस वर्षे गेली. २००७ साली अमेरिकेत ‘गिव्हवेल’ ही संस्था स्थापन झाली. दान म्हणून दिलेल्या प्रत्येक डॉलरमधून प्रत्यक्षात किती जीव वाचतात, याचा काटेकोर हिशेब मांडण्याचे काम तिने हाती घेतले. २००९मध्ये टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकअॅस्किल या ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा आयुष्यभर दान करण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांचे मंडळ उभारले. देश, काल आणि पात्र पाहून दिलेल्या दानाला भगवद्गीतेने सतराव्या अध्यायात सात्त्विक म्हटले आहे. त्यामुळे दानातील विवेकाची ही कल्पना आपल्या समाजाला परकी वाटण्याचे कारण नाही. या मंडळींनी त्या विवेकाला संख्याशास्त्राची जोड दिली आणि हिवतापापासून बचाव करणाऱ्या मच्छरदाण्यांसारख्या साध्या, सिद्ध झालेल्या उपायांकडे पैसा वळवला. पुढे याच प्रवाहातील एका गटाचे लक्ष संपूर्ण मानवजातीवर ओढवू शकणाऱ्या संकटांकडे वळले. अण्वस्त्रे, कृत्रिम साथी आणि मानवी नियंत्रणाबाहेर जाऊ शकणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्यांच्या चिंतेचे विषय झाले.

केल्सी पायपर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना या विचाराकडे ओढल्या गेल्या आणि तेथील विद्यार्थी गटाचे काम त्यांनी पाहिले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर त्या कार्यकर्त्या होत्या. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘व्हॉक्स’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने ‘फ्यूचर परफेक्ट’ नावाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तेव्हा त्या तेथे पत्रकार म्हणून रुजू झाल्या. रोजच्या राजकीय गदारोळात ज्या विषयांना जागा मिळत नाही, त्यांची दखल घेणे हे या विभागाचे काम होते. डिसेंबर २०१८मध्ये पायपर यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा धोका गांभीर्याने का घ्यावा, याचे सविस्तर विवेचन केले. चॅटजीपीटी लोकांच्या हाती यायला तेव्हा जवळजवळ चार वर्षांचा अवकाश होता. मार्च २०१९मध्ये त्यांनी प्रयोगशाळांतून घातक रोगजंतू निसटल्याच्या घटनांचा आढावा घेतला.

त्या आढाव्यातील एक घटना भारतीय वाचकालाही अंतर्मुख करणारी आहे. देवीच्या रोगाने भारताला पिढ्यान्‌पिढ्या छळले. प्रचंड लसीकरण मोहिमेनंतर १९७५ साली येथील अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि १९७७मध्ये सोमालियात जगातील अखेरचा नैसर्गिक रुग्ण आढळला. जग सुटकेचा निःश्वास टाकत असतानाच, १९७८मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॅनेट पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार महिलेला देवीची लागण झाली आणि त्यातच तिचा अंत झाला. तिच्या कामाच्या खोलीखालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. जे संकट माणसाने अपार कष्टाने संपवले, तेच त्याच्या संशोधनशाळेतून परत आले. पायपर यांचा हा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा कोरोनाचे नावही सामान्य माणसाला ठाऊक नव्हते.

अशा पत्रकारितेवर एक रास्त आक्षेप घेतला जात असे. ज्या चळवळीत जो वाढला, तो तिच्याविषयी निःपक्षपातीपणे कसा लिहील? आपल्याच माणसांची भलामण करण्याचा मोह त्याला होणार नाही काय? या आक्षेपाचे उत्तर शब्दांनी देता येत नाही. ते प्रसंगानेच द्यावे लागते, आणि तो प्रसंग सॅम बँकमन-फ्राइड याच्या रूपाने आला.

हा तरुण एमआयटीचा विद्यार्थी. २०१२ साली मॅकअॅस्किल यांच्याशी त्याची भेट झाली आणि भरपूर पैसा मिळवून तो दान करण्याचा मार्ग त्याने पत्करला. २०१९मध्ये त्याने ‘एफटीएक्स’ ही आभासी चलनाची बाजारपेठ काढली आणि थोड्याच वर्षांत तो अब्जाधीश झाला. साधे कपडे, विस्कटलेले केस आणि सारी संपत्ती मानवजातीला अर्पण करण्याची भाषा यांमुळे तो या चळवळीचा आदर्श पुरुष ठरला. त्याच्या पैशावर अनेक प्रकल्प उभे राहू लागले. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी एफटीएक्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि तो डोलारा कोसळला. ग्राहकांनी विश्वासाने ठेवलेला सुमारे ८०० कोटी डॉलर इतका पैसा जागेवर नव्हता.

चारच दिवसांनी पायपर यांनी समाजमाध्यमावरून त्याला प्रश्न विचारले आणि तो मोकळेपणाने बोलत गेला. सरकारी नियमनाचे आपण केलेले कौतुक हे केवळ प्रतिमासंवर्धन होते, असे त्याने सांगितले. नैतिकतेची भाषा म्हणजे लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे यासाठी खेळावयाचा एक खेळ, असाही त्याच्या बोलण्याचा सूर होता. १६ नोव्हेंबरला पायपर यांनी हा संवाद प्रसिद्ध केला आणि परोपकाराच्या त्या मुखवट्यामागे काय होते, ते त्याच्याच शब्दांत जगासमोर आले.

येथे खरा पेच आहे. एका मैत्रिणीशी केलेले बोलणे छापले गेले, ते प्रसिद्धीसाठी नव्हते, अशी तक्रार बँकमन-फ्राइड याने केली. विश्वासाने बोलणाऱ्याचा विश्वासघात करणे हे कोणत्याही संस्कृतीत निंद्यच मानले जाईल. परंतु पायपर पत्रकार आहेत हे त्याला ठाऊक होते. याआधीही त्यांनी त्याची मुलाखत घेतली होती. गुप्ततेचे वचन कोणी मागितले नव्हते आणि दिलेही नव्हते. बोलणारा तोच आहे ना, याची खातरजमाही त्यांनी ई-मेलद्वारे करून घेतली होती. दुसऱ्या पारड्यात आयुष्याची पुंजी गमावलेले असंख्य ठेवीदार होते. एका धनाढ्याच्या संकोचापेक्षा त्यांचा सत्यावरील हक्क मोठा होता, हे मान्य करावेच लागेल.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ऑगस्ट २०२२मध्ये बँकमन-फ्राइड कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने पायपर यांच्याच विभागाला एका वृत्तप्रकल्पासाठी अनुदान मंजूर केले होते. म्हणजे ज्याचे बिंग फोडायचे, त्याचा हात आपल्याच संस्थेच्या पाठीवर होता. तो व्यवहार झाकून ठेवण्याचा मार्ग सोपा होता. तरीही त्या लेखासोबतच अनुदानाचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला आणि प्रकल्प थांबवल्याचेही सांगण्यात आले. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपली वही आधी उघडी ठेवावी लागते. नोव्हेंबर २०२३मध्ये न्यायालयाने बँकमन-फ्राइड याला सातही आरोपांत दोषी ठरवले आणि मार्च २०२४मध्ये त्याला २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

मे २०२४मध्ये पायपर यांची लेखणी ‘ओपनएआय’ या बलाढ्य कंपनीकडे वळली. कृत्रिम बुद्धिमत्ता मानवजातीच्या हितासाठीच विकसित करू, असे सांगत जन्मलेली ही संस्था. ती सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे एक करार ठेवला जात असे. कंपनीवर आयुष्यभर टीका करायची नाही आणि असा करार आहे हेदेखील कोणाला सांगायचे नाही. सही नाकारली तर कामाच्या मोबदल्यात मिळालेल्या आणि हक्काच्या झालेल्या समभाग-हिश्श्यावर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकत होती. डॅनियल कोकोटाइलो या संशोधकाने तरीही सही केली नाही. पणाला लागलेली ही रक्कम त्यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेचा फार मोठा भाग होती.

हे उघड झाल्यावर कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी या तरतुदीची लाज वाटते, मात्र आपल्याला तिची कल्पना नव्हती, असे सांगितले. काही दिवसांतच पायपर यांनी अशा तरतुदी असलेली आणि ऑल्टमन यांची स्वाक्षरी असलेली कागदपत्रे पुढे आणली. त्यानंतर कंपनीने माजी कर्मचाऱ्यांना त्या बंधनातून मुक्त केले. ज्या तंत्रज्ञानाचे परिणाम सगळ्या जगाला भोगावे लागणार आहेत, त्यातील धोके जाणणाऱ्यांची तोंडे पैशाने बांधली जाणे ही एका कंपनीची खासगी बाब राहत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये पायपर ‘द आर्ग्युमेंट’ या नव्या नियतकालिकात आल्या. तेथील त्यांच्या आरंभीच्या लेखनात त्यांनी आपल्याच एका आवडत्या कल्पनेची चिकित्सा केली. गरिबांना थेट रोख रक्कम दिली की त्यांचे जीवन पुष्कळ सुधारेल, अशी त्यांची आणि त्यांच्या वर्तुळातील अनेकांची अपेक्षा होती. अमेरिकेत गरीब मातांना दरमहा ३३३ डॉलर देऊन केलेल्या प्रयोगात चार वर्षांनंतरही मुलांच्या विकासात लक्षणीय फरक दिसला नाही. अशा निष्कर्षांच्या आधारे, आशा होती तेवढा लाभ अमेरिकेत झाला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आपला अंदाज चुकल्याची कबुली देणे हे दुसऱ्याचे दोष दाखवण्यापेक्षा कठीण असते.

या कारकिर्दीतून काय घ्यावे? बँकमन-फ्राइड याच्या पतनाने परोपकाराचा विचार खोटा ठरला, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणा होईल. मच्छरदाणीत झोपलेले मूल आजही हिवतापापासून वाचते. चूक झाली ती तत्त्वाऐवजी व्यक्तीला पूज्य मानण्यात आणि उद्दिष्ट उदात्त आहे म्हणून पैशाचा उगम न तपासण्यात. ही चूक ऑक्सफर्डच्या विद्वानांची मक्तेदारी नाही. जेथे जेथे माणसे मोठ्या ध्येयासाठी एकत्र येतात, तेथे तेथे ती दबा धरून बसलेली असते. ‘आत्ता बोललो तर कार्याचे नुकसान होईल’ हे वाक्य प्रत्येक संस्थेत कधी ना कधी उच्चारले जाते आणि बहुधा त्याच दिवशी नुकसानीची सुरुवात होते.

कार्यकर्त्याची निष्ठा कार्याला वाहिलेली असते आणि कार्य उभे असते ते समाजाच्या विश्वासावर. तो विश्वास राखण्यासाठी घरातील कोणीतरी दिवा हाती घेऊन अडगळीच्या खोलीत जावे लागते. तो दिवा घेणाऱ्याला घरभेदी म्हणून हिणवायचे की वाट मोकळी करून द्यायची, हे ज्या त्या घराने ठरवायचे आहे. वाट मोकळी करून देणारी घरे अधिक काळ टिकतात.