मस्साजोगचा प्रश्न : शांती हवी, पण हिशेब नको?



४ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्राचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी, ५ मार्चला, राखेचा बुधवार होता. हा निव्वळ योगायोग होय. तरीही त्या दिवशी कपाळावर राख लावून घेताना अनेकांना बीड जिल्हा आठवला असेल.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांची हत्या करण्यात आली. पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली, त्या वाटेत सरपंच आडवे आले म्हणून त्यांचा जीव घेतला, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. प्रमुख आरोपी म्हणून ज्याचे नाव पुढे आले, तो मुंडे यांचा निकटवर्ती मानला जाई. ३१ डिसेंबरला तो पुण्यात सीआयडीला शरण गेला. मुंडे यांना आरोपपत्रात आरोपी केलेले नव्हते व राजीनाम्यासाठी त्यांनी प्रकृतीचेही कारण दिले. न्यायालयाच्या निकालाआधी कोणासही दोषी ठरवू नये, हे पथ्य आपण तरी पाळावे.

मात्र थोड्याच दिवसांत खुनाची चर्चा मराठा विरुद्ध वंजारी अशी होऊ लागली. मार्च २०२५ मध्ये बीड पोलिसांनी आपल्या नामफलकांवरून आडनावे काढली. केवळ पहिले नाव ठेवले. उपाय स्तुत्य आहे. पण आडनाव झाकल्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘झाले गेले विसरा, गावात शांतता ठेवा’ असे सांगणारे तर सर्वत्र असतात, आणि बहुधा ते बळवंतांच्याच बाजूचे असतात.

पवित्र शास्त्रात राजे या पुस्तकातील नाबोथाची कथा आपणांस परिचित आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. राजाने स्वतः हात उचलला नाही. राणी ईजबेलने राजाची मुद्रा वापरून पत्रे धाडली, गावच्या वडीलधाऱ्यांनी आज्ञा पाळली, खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथ दगडमाराने मेला. गावात तंटा उरला नाही. वरवर पाहता शांतताच होती! तरीही एलीया संदेष्टा थेट राजाकडे गेला आणि त्यालाच जाब विचारला. पुढे अहाबाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसून उपवास केला, तेव्हा देवाने शिक्षा पुढे ढकलली. रद्द केली नाही. कृपा आली ती जाब विचारल्यानंतर.

आपला समेटाचा संस्कारही याच क्रमाने चालतो. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि त्यानंतर भरपाई. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले, पण ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याची भाषाही त्याच बैठकीत केली.

बीडकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहावे लागेल. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे ख्रिस्तसभेचे कायदेसंहितेतील १२८७ वे कलम सांगते. धर्मगुरूंकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांबाबत आणि ते दडपणाऱ्या महागुरूंबाबत तक्रारीची जागतिक नियमावली मात्र २०१९ साली आली, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. ख्रिस्तसभेच्या नावाला धक्का नको म्हणून कित्येक वर्षे पीडितांनाच गप्प राहण्यास सांगितले गेले. तीही ‘शांती’च होती.

मस्साजोगच्या कुटुंबाला क्षमेचा उपदेश करण्याची घाई कोणी करू नये. संत पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली अग्जाला त्यांनी लवकरच क्षमा केली. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते त्याच्या कोठडीत जाऊन बसले, बराच वेळ बोलले. त्यानंतर पोप निघून गेले आणि कोठडीचे दार पुन्हा बंद झाले. इटलीने त्याला माफी दिली ती २००० साली.