बिल्ला आहे, मालक नाही

भातकापणी आटोपते, पाडव्याला गुरांना ओवाळून गोडधोड भरवले जाते आणि सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत दावी सुटतात ती थेट मिरगापर्यंत. पूर्वी हे चालून जाई. गुरांमागे राखण्या असे, घरोघरची पाळी ठरलेली असे आणि वायंगण, म्हणजे उन्हाळी पीक, करणाऱ्याने घातलेली वई, म्हणजे कुंपण, गाव मानत असे. आता पाळी मोडली, राखणारे हात मुंबईला गेले. पॉवर टिलर आला, जोत सुटले. २०१५पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. पाडा, म्हणजे गोऱ्हा, ना नांगराला लागत, ना बाजारात जात. तो कुठे जातो, हे रात्री कसाल ते कुडाळ गाडी चालवणाऱ्याला विचारावे.

महामार्गावरच्या अपघाताची निदान बातमी होते. पडीक मळ्याची होत नाही. वायंगणी भात, भुईमूग, कुळीथ, चवळी, वाली पाण्याअभावी बंद पडली, असे सांगितले जाते. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण जिथे ओहोळ जानेवारीनंतरही वाहतो, तिथले मळे ओस का? "केलेला गुरां खातत, मगे करूचा कित्याक?" हे उत्तर कुठल्याही वाडीत ऐकायला मिळेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा हा जिल्हा घाटावरच्या भाजीची आणि कोल्हापूरच्या दुधाची वाट बघत बसतो.

याउलट लडाख पाहा. पाऊस नावापुरता, थंडी हाडे गोठवणारी, बहुतेक गावांत वर्षाला एकच पीक. ते एक पीक जनावराच्या तोंडी गेले तर हिवाळा उपाशी. म्हणून तिथली गावे 'लोरापा' नेमत आली. शेतात शिरलेले जनावर तो कोंडतो आणि मालकाने दंड भरला की सोडतो. आइसलंडात तर मेंढ्या उन्हाळाभर डोंगरावर आपल्या गुरांइतक्याच मोकळ्या असतात. पण सप्टेंबरात सगळा परिसर घोड्यांवरून निघतो, त्यांना हाकून आणतो आणि कानावरच्या खुणेवरून ज्याची त्याच्या पदरात घालतो. तोवर हिवाळ्याचे गवत कापून रचलेले असते.

कानाची खूण आपल्याकडेही आहे. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्यावरून मालकाचे नाव सरकारी प्रणालीत सापडते. कोंडवाड्याचा कायदा तर १८७१चा. म्हणजे बिल्ला लागलेले गुरू बेवारस नाहीच. त्याचा मालक शोधायची कुणाची इच्छा नाही, एवढेच. मालक आपल्याच भावकीतला आणि निवडणूक तोंडावर, मग सरपंचाने नाव वाचायचे कसे?

नुसत्या दंडाने मात्र भागणार नाही, हेही मान्य करू. बांधलेल्या गुराला मे महिन्यापर्यंत खायला लागते. सड्यावर, म्हणजे कातळमाळावर, कमरेएवढे गवत वाढते. ते हिरवे असताना कापले तर चारा, नाहीतर फेब्रुवारीपासून वणव्याला सरपण, आणि त्या वणव्यात शेजारच्या काजू-आंब्याची कलमेही जातात. कोकण कपिला ही आपली छोट्या चणीची गाय दूध थोडे देते, हे खरे. पण झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने ज्या घरांत गोबरगॅस पोचवला, तिथे शेणाची किंमत कळली आहे. आणि टाकीत पडते ते बांधलेल्या गुराचेच शेण. महामार्गावरचे नव्हे.

तेव्हा यंदा पाडव्याच्या आधीच ग्रामसभा बोलवा. राखण्याला पगार, सड्यावरच्या गवताची सामाईक कापणी आणि कोंडवाड्याला दार, हे तीन ठराव करा. आणि पहिल्यांदा कोंडलेले गुरू सरपंचाचे निघाले, तर दंडाची पहिली पावती त्यांच्याच नावे फाडा.