लग्नाच्या पंगतीवर संसार चालत नाही

पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमध्ये शांपोलियाँ नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिथे तीन लहान चित्रपटगृहं शेजारीशेजारी आहेत. त्यांतलं ‘ल शांपो’ १९३८ साली सुरू झालं. अशा थिएटरचा महिन्याचा कार्यक्रम म्हणजे दारावर लावलेला एक साधा कागद. त्यावर ओझूशेजारी बस्टर कीटन असतो, एखाद्या दिग्दर्शकाचे ओळीने आठ चित्रपट असतात, यंदाचा नवा माहितीपट असतो, रविवारी सकाळी मुलांसाठी खेळ असतो. एकच चित्रपट महिन्यात चार वेळा, चार वेगळ्या वेळांना लागतो. पहिल्या खेळाला बारा माणसं आली, तरी त्या बारांना चौथ्या खेळाआधी आणखी तिघाचौघांना सांगायला अवधी मिळतो.

आपल्याकडे हा कागद जवळजवळ कुठेच नाही. ही उणीव गरिबीतून आली असं सांगितलं जातं. मला ते मान्य नाही.

आपल्याकडे महोत्सव आहेत. भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ साली सुरू झाला, २००४पासून तो गोव्यात भरतो. पुणे, मुंबई, कोलकाता, तिरुवनंतपुरम इथेही रांगा लागतात. माणसं रजा काढून येतात, दिवसाला पाच चित्रपट पाहतात आणि परत गेल्यावर वर्षभर उपाशी राहतात. महोत्सव ही लग्नाची पंगत आहे. पंगत वाईट नसते, पण तिच्या भरवशावर कुणी घरातली चूल विझवत नाही. आपण ती विझवली.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आता सगळं फोनवर आहे. सगळं नाही. काल होता तो चित्रपट करार संपला की आज तिथून नाहीसा होतो. शिवाय फोन तुम्हाला तुम्ही आधी पाहिलेल्याचीच भावंडं दाखवत राहतो. महिन्याचा कार्यक्रम आखणारा माणूस तुम्ही न मागितलेलं ताटात वाढतो, आणि का वाढलं याची जबाबदारी घेतो. नियतकालिकाचा संपादक हेच काम करतो. या अंकात मराठीशेजारी इतर भाषा आहेत त्या वाचकांनी मागणी नोंदवली म्हणून नव्हे. मग पडद्यावर ही शेजारधर्माची सोय का नको? दहा वर्षांपूर्वीचा मल्याळम चित्रपट सबटायटलसह पाहायचा, तर बडोद्यातल्या मराठी माणसाने कुठे जावं? मल्याळम राहू द्या. ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. आज तो मोठ्या पडद्यावर पाहायचा, तर इंदूरच्या किंवा नागपूरच्या कोणत्या दाराशी तिकीट काढाल?

दुसरं उत्तर: प्रेक्षकच नाहीत. प्रेक्षक नसते तर महोत्सवात जिन्यांवर बसून चित्रपट कोण पाहतं? अडचण दाराची आहे. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय जाहीर खेळ करता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं, आणि महोत्सव त्या सुटीवर चालतात. म्हणजे महोत्सवाच्या आठवड्यात जो इराणी चित्रपट समाजाला पेलतो, तोच महिनाभराने चौकातल्या थिएटरने प्रमाणपत्राविना तिकीट लावून दाखवला तर गुन्हा ठरतो. हजार पडद्यांवर झळकणाऱ्या चित्रपटाला आणि महिन्यात तीन खेळ होणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्राची वाट एकच. असा नियम असताना छोटं थिएटर कोण चालवणार?

फिल्म सोसायट्यांनी हा दिवा तेवत ठेवला, हे विसरून चालणार नाही. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी कलकत्त्यात १९४७ साली सोसायटी उभी केली, मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८पासून काम करतं आहे. पण सोसायटीचं दार सभासदांसाठी उघडतं. पावसात अडकला म्हणून आडोशाला आत शिरलेला विद्यार्थी आणि त्याने नकळत पाहिलेला पहिला मूकपट, हे तिथे घडत नाही. त्यासाठी रस्त्यावरचं दार आणि खिडकीवरचं तिकीट लागतं.

फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातला १०.७२ टक्के कर चित्रपटांच्याच निधीत जातो आणि त्यातून छोट्या थिएटरांनाही मदत मिळते. मोठा हॉलिवूडपट पाहणारा प्रेक्षक न कळत ओझूच्या खेळाला हातभार लावतो. आपल्या राज्यात मराठी चित्रपट काढायला अनुदान आहे, तो वर्षभर दाखवत राहणाऱ्या पडद्याला कोण विचारतं? पीक काढायला पैसे द्यायचे आणि बाजाराचा रस्ताच बांधायचा नाही, असा हा प्रकार आहे.

मागण्या साध्या आहेत. शंभरेक खुर्च्यांच्या थिएटरांना, ठरावीक खेळांपुरती, महोत्सवासारखी सूट द्या. अनुदानाचा एक वाटा निर्मितीकडून प्रदर्शनाकडे वळवा. दुपारी कुलूप लावून ठेवलेली पालिकांची नाट्यगृहं त्या वेळेपुरती उघडा.

आणि एक मागणी आपल्याकडे, वाचकांकडे. तुमच्या गावात उद्या कुणी असा कागद दारावर लावलाच, तर त्यावरचं ओळखीचं नाव शोधू नका. न ऐकलेल्या चित्रपटाचं तिकीट काढा. पहिल्या खेळाच्या बारा माणसांत तुम्ही असलात, तरच चौथा खेळ होईल.