शाळेचे स्थलांतर आणि शहराचा हिशेब

एखादी खासगी आंतरराष्ट्रीय शाळा जुनी वास्तू सोडून नव्या वास्तूत जाते, तेव्हा चर्चा होते ती प्रशस्त वर्गांची, प्रयोगशाळांची आणि क्रीडांगणाची. जी जागा तिने घेतली ती तिला कोणत्या प्रयोजनासाठी व कोणत्या अटींवर मिळाली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शाळा खासगी असेल. परंतु मुंबईसारख्या बेटावरच्या शहरात जमिनीचा प्रत्येक तुकडा सार्वजनिक हिशेबात धरावाच लागतो.

या दृष्टीने अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे या शाळेचा प्रवास अभ्यसनीय आहे. ही शाळा १९८१ साली ब्रीच कँडी येथे अमेरिकन वकिलातीच्या आवारात सुरू झाली, आणि ती मुख्यतः परदेशी कुटुंबांतील मुलांसाठी होती. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणगावात सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. आज मागे वळून पाहता त्या एकाच स्थित्यंतराच्या दोन बाजू वाटतात. कापड विणणारे शहर हळूहळू पैशाचे, विम्याचे आणि माहितीचे व्यवहार करणारे शहर होऊ लागले होते. १९९१ च्या आर्थिक धोरणाने ही गती वाढवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही शाळा दक्षिण मुंबई सोडून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये खुद्द अमेरिकन वकिलातही तेथेच आली. शाळा आधी, वकिलात मागाहून! २०१२ मध्ये शाळेच्या प्राथमिक विभागासाठी कुर्ला पश्चिमेस कोहिनूर सिटीत स्वतंत्र वास्तू झाली. ही वसाहत उभी आहे ती प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या जुन्या कारखान्याच्या जमिनीवर. ज्या कारखान्याने मुंबईला काळी-पिवळी पद्मिनी दिली, तेथील भोंगा बंद झाल्यावर शाळेची घंटा वाजू लागली.

यात कोणाचा दोष शोधण्याचे कारण नाही. मागणी जेथे जाते तेथे पुरवठा जातो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. परदेशी बँका व कंपन्या उत्तरेकडे सरकल्या, त्यांच्या अधिकाऱ्यांची कुटुंबे सरकली आणि शाळाही सरकली. कारखान्याची ओसाड जमीन नुसती पडून राहण्यापेक्षा तेथे मुले शिकत असतील तर ते बरेच म्हटले पाहिजे. परंतु दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. एका उपयोगासाठी दिलेली जमीन दुसऱ्या उपयोगाला मुकते, आणि हे मुकणे हीच तिची खरी किंमत असते.

वांद्रे-कुर्ला संकुलातील या शाळेच्या पत्त्यातच ‘एसएफ’ अशी दोन अक्षरे आहेत. नियोजनाच्या परिभाषेत त्यांचा अर्थ सामाजिक सुविधेसाठी राखलेला भूखंड असा होतो. हे संकुल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत असून तेथील भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. सामाजिक सुविधेच्या भूखंडावर कचेऱ्यांचा मनोरा उभारता येत नाही. म्हणून त्याचे मोल शेजारच्या व्यापारी भूखंडाइतके होत नाही. दोन मोलांमध्ये जी तफावत राहते, ती समाजाने सोडून दिलेली रक्कम असते. अंदाजपत्रकात तिच्यासाठी शीर्षक नसते आणि विधिमंडळात तिच्यावर मतदान होत नाही. तरीही ते एक प्रकारचे अनुदानच होय.

“आम्ही सरकारकडून एक पैसाही घेत नाही,” असा युक्तिवाद विनाअनुदानित शाळांच्या वतीने नेहमी केला जातो. पगारापुरता तो खरा आहे. जमिनीपुरता तो तपासून घ्यावा लागतो. ही तपासणी कशी करावी याचा दाखला दिल्लीने दिला आहे. तेथील विकास प्राधिकरणाने सवलतीच्या दराने जमिनी दिलेल्या खासगी शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असा निर्देश दिला, की जमीन देताना घातलेल्या अटी शाळा पाळतात की नाही हे शिक्षण संचालकांनी पाहावे. शाळेची स्वायत्तता न्यायालयाने नाकारली नाही. जमिनीबरोबर आलेले बंधनही नाकारू दिले नाही. सामाजिक सुविधेचा भूखंड ज्या-ज्या शिक्षणसंस्थेला मिळतो, तिच्या बाबतीत हेच तत्त्व लागू व्हावयास हवे.

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. सामाजिक सुविधा म्हणजे कोणत्या समाजाची सुविधा? ज्या शाळेचे वार्षिक शुल्क एखाद्या कारकुनाच्या वर्षभराच्या वेतनालाही पुरून उरते, तिचे दार कुर्ल्याच्या वा भारतनगरच्या मुलाला केवळ बाहेरून दिसत असेल, तर ‘सामाजिक’ या शब्दाचा अर्थ फारच आखूड झाला, असे म्हणावे लागेल.

शिक्षणहक्क कायद्याने या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांचा अपवाद करून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. तरीसुद्धा फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या जबाबदारीतून मोकळीक दिली. मुंबईत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसेल असा कोपरा सापडणे कठीण! म्हणजे शाळेची इमारत न हलवताही गरीब मुलाला तिच्यापासून दूर नेता येते; त्यासाठी एक अधिसूचना पुरते. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, हे सुदैव. परंतु शासनाला अशी रेघ ओढावीशी वाटली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली होती. एका वस्तीतील सर्व थरांची मुले एकाच शाळेत शिकावीत, असा तिचा आशय होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. ती कल्पना आपण अहवालात ठेवली आणि प्रत्यक्षात शुल्काप्रमाणे शाळांची उतरंड रचली. शेजार राहिला; शेजारशाळा मात्र झाली नाही.

कोणी म्हणेल, सगळ्यांना आंतरराष्ट्रीय दर्जाचे शिक्षण देणे सरकारला कसे परवडणार? याला उत्तर मुंबई महापालिकेनेच काही अंशी दिले आहे. २०२२ मध्ये तिने माटुंग्याच्या शाळेसाठी केंब्रिजचा आणि विलेपार्ल्याच्या शाळेसाठी इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम स्वीकारला, आणि तोही विनाशुल्क. दोन शाळांनी शहर बदलत नाही, हे खरे. तथापि उत्तम अभ्यासक्रम ही श्रीमंतांची जन्मजात मिरास नाही एवढे त्यावरून सिद्ध होते. आता खरी वाण आहे ती प्रशिक्षित शिक्षकांची, मैदानांची आणि प्रयोगशाळांची. आणि नेमक्या याच गोष्टी नव्या वास्तूत जाणाऱ्या शाळांकडे मुबलक असतात.

म्हणून काही साध्या अपेक्षा व्यक्त कराव्याशा वाटतात. सामाजिक सुविधेच्या प्रत्येक भूखंडाचा भाडेपट्टा, त्याच्या अटी आणि त्या पाळल्या गेल्या की नाही याचा अहवाल दरवर्षी जनतेपुढे यावा. अशा शाळेचे मैदान, ग्रंथालय व प्रयोगशाळा शनिवारी, सायंकाळी आणि सुटीच्या दिवसांत आसपासच्या महापालिका शाळांना खुल्या कराव्यात, ही अट करारातच असावी. तेथील शिक्षकांनी शेजारच्या शाळांतील शिक्षकांबरोबर वर्षातून काही दिवस काम करावे. आणि २५ टक्के जागांबाबत कायदा ज्या शाळांना लागू होतो, त्यांच्याकडून त्याची अंमलबजावणी चोख करून घ्यावी. यांपैकी कशानेही कोणत्याही शाळेचे दिवाळे निघणार नाही.

आंतरराष्ट्रीय शाळेकडे असूयेने पाहणे जितके व्यर्थ, तितकेच तिच्या झगमगाटापुढे दिपून जाणेही व्यर्थ. शहर वाढते तेव्हा गिरण्या जातात, कारखाने जातात, कचेऱ्या व शाळा जागा बदलतात, हे चालायचेच. पण ज्या जमिनीवर काल हजारो हातांना काम मिळत होते, तीवर आज उभ्या राहिलेल्या संस्थेकडे त्या हातांच्या नातवंडांनी काही मागावे, यात भीक नाही आणि उपकारही नाही. तो थकलेल्या बाकीचा तगादा आहे.